पाडव्याआधी उघडलेला मुरघास

आक्का,

तुझ्या मयताला मी नाचले असं बाया बोलतायत. नळावर बोलतात, गिरणीत बोलतात आणि मी दिसले की लगेच एकमेकींना मिरचीचा भाव विचारायला लागतात. जाऊ ओटीवर निजवलेली आणि ही मागल्या माळावर साडी खोचून थयथय नाचत होती म्हणे. आता खोटं आहे असं तरी कसं म्हणू? लांबून बघणाऱ्याला ते नाचल्यासारखंच दिसलं असणार. तू असतीस तर एकेकीला दारात गाठून खरं काय ते ऐकवलं असतंस, वर चार शब्द जास्तीचे. मला ते जमत नाही. राग आला की माझी जीभ अडते आणि डोळ्यांना पाणी येतं, मग समोरच्याला वाटतं मी चुकले म्हणून रडतेय. म्हणून त्यांना सोडून तुलाच सांगते. तसंही या घरात माझं सगळं ऐकून घेणारी तू एकटीच होतीस. ऐकताना निम्म्यात तोडायचीस ते सोड.

त्या सकाळी धारा काढून झाल्या. ह्यांनी दुधाचे कॅन टेम्पोत चढवले आणि ते रामवाडीला निघून गेले. तू गोठ्याच्या पायरीवर टेकलीस. "पाणी दे गो सुमे," म्हणालीस. मी तांब्या घेऊन आले तेव्हा तुला पाणी नको होतं. कशानं, कसं, डॉक्टर काय म्हणाले, हे मला आता कुणाला सांगायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकीनं विचारलं आणि मी प्रत्येकीला सांगितलं. त्याच्या पुढचं मात्र कुणीच विचारत नाही.

पुढचं असं झालं. प्रशांत कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता, तो तसाच युनिफॉर्मवर रोह्याहून आला. आईच्या पायाशी बसला तो उठेचना. तुझा भाऊ मुंबईहून यायचा होता, म्हणून थांबायचं ठरलं. शिमगा तोंडावर आलेला, अंगणात पाय ठेववत नव्हता इतकं ऊन. माणसं जमत होती आणि त्यांना बसायला सावली नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, मागं माळावर निळी ताडपत्री हाय ना, ती आणा. दुसरं म्हणालं, तिरडीला पेंढा पण लागंल. दोघं-तिघं उठून मागं गेले.

मी तुझ्या उशाशी होते. तिथून मागलं दार दिसतं आणि दारातून माळ. शेजारचा पांडूदादा पेंढ्याच्या उडवीपाशी गेला आणि पश्चिमेच्या अंगानं, थेट बुडातून, दोन्ही हातांनी पेंढा उपसायला लागला.  तुझी उडवी! खाली दगड, दगडांवर लाकडं, मधोमध खांबासारखी मेढ, मेढीभोवती भारे असे रचलेले की पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जावं. पेंढा काढायचा तो वरून आणि पूर्वेकडूनच, पश्चिमेची बाजू शेवटपर्यंत धरून ठेवायची, कारण आपल्याकडे वारा आणि अवकाळी दोन्ही तिकडून येतात. ह्यांनी एकदा घाईघाईत बुडातून ओढला होता तर दुपारी जेवताना तू विचारलं होतंस, "भावजी, भात वाढू की पेंढा?" आणि आता तुझ्याच तिरडीसाठी तुझ्याच उडवीचं बूड पोखरलं जात होतं. तिथं बसलेल्या शंभर माणसांत ते फक्त मला दिसत होतं.

तरी मी गप्प राहिले. म्हटलं असू दे, आक्काचा पेंढा आक्काला.

पण मग त्यांनी ताडपत्रीला हात घातला.

हे तुला सांगायला नको, पण ज्या मला नाचरी म्हणतात त्यांच्यासाठी सांगते. त्या ताडपत्रीखाली मुरघासाचा खड्डा होता. मका दाण्यात दूध असताना कापायचा, मशीनवर कुट्टी करायची आणि खड्ड्यात थर देत देत पायांनी दाबत जायची. वर प्लास्टिकचा कागद, कडेनं माती. आत हवा नाही गेली तर तो चारा महिनोन् महिने टिकतो. माळ करपतो, ओहोळ आटतात, तेव्हा गुरांच्या तोंडी हिरव्याच्या जागी तो पडतो. आणि हवा गेली की कुजतो. आमच्या खड्ड्यावरचं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडू नये म्हणून तूच त्याची कड ताडपत्रीच्या कडेला सुतळीनं शिवून टाकली होतीस. माणसांनी ताडपत्री ओढली आणि तिच्याबरोबर प्लास्टिकही सरसरत निघालं. खड्ड्याचा कोपरा उघडा पडला.

मी उठले. उठले म्हणजे काय, तुझ्या डोक्याखालचा हात काढून पळाले. "झाका ते! आधी झाका!" सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. पांडूदादा म्हणाला, "सुमन, बस जा तिच्यापाशी. गुरांचं मागाहून बघू." मी म्हटलं, "मागाहून काय बघू, दादा? वास बघू?" बिचारा तो. त्याला वाटलं धक्क्यानं माझं डोकं फिरलं. त्यानं बायांना खूण केली, मला धरा म्हणून. मी त्यांच्या हातून सुटले, सुतळी दातांनी तोडली, ताडपत्री त्यांना देऊन टाकली. तुझ्यासाठी आलेली माणसं उन्हात बसवणं बरं नव्हतं. प्लास्टिक परत खड्ड्यावर पसरलं. पण कोपऱ्यातली कुट्टी सैल झाली होती, आत हवा शिरली होती. ती काढायला एकच उपाय. मी वर चढले आणि पायांनी दाबायला लागले. कड आधी, मग आत. कड आधी, मग आत. घमेल्यानं माती ओढली, पुन्हा वर चढले. आणि आक्का, मी रडले ती तिथं. ओटीवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, माळावर मोठमोठ्यानं रडले, पाय आपटत.

तो नाच हा असा.

कड आधी हे तुझंच. पहिल्या वर्षी आठ बाया जमवल्या होत्यास खड्डा दाबायला, नवरात्रात. फेर धरून दाबत होत्या, गौरीची गाणी म्हणत, सगळ्या मधोमध. तू काठावरून ओरडलीस, "मधे नाचायला सगळ्यांना आवडतं, कडंला कोण मरणार?" आणि स्वतः उतरून भिंतीला खेटून टाच दाबत दाबत चारी बाजूंनी फिरलीस. बाया हसत होत्या. तुला त्याचं काही नव्हतं.

त्याच्याही आधीचा खड्डा आठवतो? तो धरायचाच नाही असं तू ठरवून टाकलं होतंस. गुरांच्या डॉक्टरांबरोबर घाटावर एक गोठा बघून आलीस आणि तुझ्या डोक्यात मुरघास बसला. माती मऊ म्हणून भाताच्या खाचराच्या कडेला खणलास. मी तेव्हाच बोलले होते, आक्का, इथं पाणी झिरपेल. तू म्हणालीस, "रोह्याच्या लोकांना रेल्वेतलं कळतं, मातीतलं नाय." मी रोहा स्टेशनजवळच्या दुकानदाराची मुलगी, तू गागोद्याची, हे तू मला जन्मभर ऐकवलंस. खड्डा उघडला तर आत काळा चिखल. हे नाक दाबून म्हणाले, "वैनी, गटार उघडलंत काय?"  सगळं उपसून शेणखतात टाकलंस आणि कुदळ घेऊन माळावर गेलीस, उंचावर जागा शोधायला. मी पाठीमागून घमेलं घेऊन आले. तू वळून बघितलंस आणि घमेलं भरायला लागलीस.

मी त्याला लोणचं म्हणायचे. "तुझं लोणचं मुरलं का?" असं चिडवायचे. दरसाल पाडव्याला गुढी उभी राहिली की तू खड्डा उघडायचीस, हळदकुंकू वाहून, आणि पहिली पाटी मोरी गाईपुढे ठेवायचीस. ती हुंगायची, मान हलवायची आणि मग तोंड बाहेर काढायचं नाव नाही. तू माझ्याकडे बघायचीस. मी चांगलं म्हणावं एवढीच तुझी अपेक्षा. मी म्हणायचे, "मीठ कमी पडलं." दरसाल हेच. तुला हसू यायचं ते तू पदरात लपवायचीस, मला दिसायचं. चांगलं होतं गं. पहिल्यापासून चांगलं होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं, मग शब्दात काय मागत होतीस?

आता माझं मन थाऱ्यावर नाही ते ज्याच्यामुळं, ते सांगते.

तेरावा झाला. पाहुणे गेले. प्रशांत माझ्यापुढं येऊन बसला, नजर खाली. म्हणाला, "काकी, गुरं काढूया." मला वाटलंच होतं तो असं बोलणार, त्याचा संसार रोह्याला, शिफ्टची नोकरी, तो कुठून शेणात हात घालणार. मी म्हटलं, "बघू सावकाश." तर म्हणाला, "माझ्या मनाचं नाय. आईनंच सांगितलेलं. गणपतीत. यंदाचा खड्डा शेवटचा, पावसाआधी पाचही गुरं काढायची म्हणून."

"मला का नाय बोलली?"

"बोलली असती तर तू रडारड केली असतीस म्हणे. काकीचे गुडघे गेले, तरी ती कधी आपणहून सोडायची नाय, तिचा जीव गुरांत, तिला कुणीतरी सोडवायला पायजे. असं म्हणाली."

माझा जीव गुरांत? आक्का, तू शुद्धीवर होतीस ना? मला गुरांचा वास पहिल्या दिवसापासून आवडला नाही. शेपटीचा फटकारा बसला की मी आजही दचकते. पहाटे उठायचं माझ्या जिवावर येतं. गेली दोन वर्षं माझ्या ओठांवर येत होतं, आक्का, पुरे आता, विकून टाकू. तुझा चेहरा बघून गिळत होते. मी सोडलं तर तुझं काय होईल, तुला दुसरं काय आहे, असं वाटायचं मला. मी तुझ्यासाठी ओढत होते. आणि तू माझ्यासाठी! म्हणजे दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत शेण काढत राहिलो आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. एरवी चटणीत लसूण जास्त झाला तरी आपलं भांडण अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

मला तुझा राग आला. अजूनही आहे. भांड्यांवर काढला, ह्यांच्यावर काढला, मोरीच्या पाठीवर एक थापही मारली. घरभर फिरत राहिले. ह्या खोलीतून त्या खोलीत, गोठ्यात, परत ओटीवर. हे म्हणाले, "काय शोधतेस?" काय शोधत होते? तुला. भांडायला. पायरीवर टेकलीस, पाणी मागितलंस, तेव्हा एवढं एक सांगून टाकायला काय झालं होतं?

पण चिडून चिडून माणूस थकतो आणि मग भलतंच काही आठवायला लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी रोह्याला पळून गेले होते. कुणाला न सांगता एसटीत बसले आणि माहेर गाठलं. अण्णांना सांगितलं, मला तिथं जमत नाही, गुरांचं करायला लागतं. अण्णा सासरी निरोप पाठवायच्या बेतात होते तर तूच आलीस. नखशिखांत भिजलेली, पिशवीत कसली तरी रानभाजी. अण्णांपुढं बसलीस आणि म्हणालीस, "गुरांचं निमित्त हाय, अण्णा. तिला तिथं एकटं वाटतं. मला पण वाटतं."  मी आत उभी होते. तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की त्या घरात आणखी कुणाला एकटं वाटत असेल. त्याच एसटीनं मी तुझ्याबरोबर परत आले. कुंडलिकेला पूर होता, गाडी पुलाअलीकडे बराच वेळ थांबली होती, तू खिडकीशी झोपली होतीस आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर घसरत होतं. मी गुरांसाठी आले नव्हते, आक्का. एवढं तुला कळायला हवं होतं.

नंतर प्रशांतचे वडील गेले, तेव्हा तू रडायला फक्त गोठ्यात जायचीस. मी बाहेर उभी राहून कडी वाजवायचे, कुणी आलं तर कळावं म्हणून. मग आत येऊन दुसऱ्या गाईखाली बसायचे. दोघी धारा काढायचो. मला धार काढायला तूच शिकवलंस, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून बघायला तूच शिकवलंस. "गरम लागलं तर आतून कुजतोय, उलगडायचा." मला अजून सवय आहे. कुठंही उडवी दिसली की हात शिवशिवतो. परवा पेणला जाताना रस्त्याकडेच्या कुणाच्या तरी उडवीत घातला, मालकीण बाहेर आली आणि मी ओशाळले. पण गरम होती, तसं मी तिला सांगितलंच.

असो. प्रशांतला मी सांगितलं, "खड्डा उघडल्याशिवाय मी काही बोलणार नाय." तो म्हणाला, "काकी, त्या दिवशी हवा गेलीय, तो बाद झाला असणार. आणि बाद झाला तर प्रश्नच मिटला. नुसत्या उडवीच्या पेंढ्यावर पाच गुरं पावसापर्यंत तगणार नायत, तुलाच ठाव हाय." खरंच होतं ते. उडवी तर बुडातून पोखरलेली, एका अंगाला कललेली. म्हणजे सगळं त्या खड्ड्यावर आलं. चांगला निघाला तर मी बोलायचं, नासला निघाला तर प्रशांत व्यापाऱ्याला फोन करणार.

या वर्षी आपल्या घरात पाडवा नाही. गुढी नाही, गोड नाही. पाडव्यापर्यंत थांब असं सगळेच म्हणाले, दुखवट्याच्या घरात नवीन काही उघडू नये असंही एक म्हातारी म्हणाली. पण कोपरा नासत असला तर रोज थोडा थोडा पसरणार, थांबून कुणाचं भलं होणार होतं? मी पाडव्याआधीच फावडं घेतलं. प्रशांत सुट्टी टाकून आला होता. हळदकुंकू नेलं नाही, ते तुझं काम.

प्लास्टिक बाजूला केलं. ज्या कोपऱ्यातून ओढलं होतं तिथं वर पांढरी बुरशी, खाली काळं, घाण वास. प्रशांतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गप्प बस. काढत जा." काळं सगळं काढून लांब टाकलं, त्यातली मूठभरही गुरांपुढं जाऊ द्यायची नाही हे तू घोकून घेतलेलं. काढत गेलो, काढत गेलो.  मग फावड्याला घट्ट लागलं. खाली पिवळसर हिरवी कुट्टी, दाबून बसलेली, आणि तो आंबूस वास. कडेपर्यंत शाबूत. भिंतीला खेटून तू टाचेनं जिथं दाबलं होतंस तिथं हवेला शिरायला जागाच नव्हती.

यंदा आठ बाया नव्हत्या. निम्म्या कंपनीत लागल्या, बाकीच्यांच्या सुना नको म्हणाल्या. आपण दोघीच होतो. तू माझ्या खांद्याला धरून दाबत होतीस, मी तुझ्या. मधेच तू थांबलीस, धाप लागली होती. मी विचारलं तर म्हणालीस, ऊन. आणि परत कडेला लागलीस. शेवटचा खड्डा आहे हे मनात धरून कुणी असा दाबतं का, आक्का? शेवटचा म्हटल्यावर माणूस जरा सैल सोडतो. मला हे कळत नाही आणि आता कधी कळायचंही नाही.

प्रशांतनं मूठभर घेतलं, नाकाशी धरलं.  म्हणाला, "आईच्या पदराला हाच वास यायचा. मला वाटायचं आईचाच वास हाय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून तो पहिल्यांदा रडला. मी पाटी भरत राहिले.

पाटी मोरीपुढं ठेवली. तिनं हुंगलं, आणि तोंड वळवलं. दुसरीनं, तिसरीनंही तेच. मी वर खाली केलं, हातात धरून पुढं केलं, लाडीगोडी केली. नाही. गुरं दाराकडे बघत होती. मग मला काय सुचलं कोण जाणे, तुझ्यासारखं जिभेनं टकटक केलं आणि तुझ्याच आवाजात म्हटलं, "खा गो बाय, खा." प्रशांत दचकला. मोरीनं कान टवकारले, माझ्याकडे टक लावून बघितलं. फसली नाही ती. पण खाल्लं. "मीठ बरोबर पडलंय," मी मोठ्यानं म्हटलं. ऐकायला तू नव्हतीस, मोरी होती.

आता मला सुटता येत होतं. माझ्यासाठी तू नव्हतीस, तुझ्यासाठी मी नव्हते. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पहाटे उठायचं नाही, कपड्यांना वास नाही. गुडघ्यांना आराम. हे सगळं मी ओटीवर बसून स्वतःला नीट समजावलं. पटलंही. आणि पटत असतानाच मी मनातल्या मनात हिशेब करत होते की एवढ्या मुरघासात पाच नाही पण तीन गुरं आरामात पावसाला लागतील. दोन कमी केली की माझ्या गुडघ्यांना झेपतील. पुढचा खड्डा निम्म्या मापाचा घ्यायचा, माझ्या एकटीच्या पायांना दाबेल एवढाच. माणूस काय वेडं असतं बघ. इतकी वर्षं सुटायचं म्हणत होते आणि दार उघडं मिळालं तर मी आतून कडी लावायला निघाले. तुझ्या इच्छेविरुद्ध चाललेय हेही कळत होतं. तू माझ्या भल्यासाठीच सांगितलंस, त्याबद्दल मी तुझ्या पाया पडते, पण माझा जीव कशात आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

व्यापारी दुसऱ्या दिवशी आला. प्रशांतनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पेणकडचाच माणूस, मोबाईलवर बोलत बोलत गोठ्यात शिरला, शेपट्या उचलून बघितल्या, दात बघितले, सडांना हात लावला. प्रशांतशी बोलत होता, पाचांचं एकदम. मी दाराशी उभी होते. म्हटलं, "दोन देणार. मोरी आणि तिच्या दोन्ही पाड्या नाय द्यायच्या." त्यानं माझ्याकडे बघितलं, मग प्रशांतकडे. प्रशांत म्हणाला, "काकी, आईनं..." आणि थांबला. व्यापारी कंटाळला असावा. म्हणाला, "अहो, एकदा काय ते ठरवा. मालकीण कोण हाय? तिला बोलवा, मी तिच्याशी बोलतो."

गेली सगळी वर्षं कुणीही दारात येऊन हे विचारलं की माझा हात आपोआप आत जायचा, तुझ्याकडे. डॉक्टर असो, पेंड विकणारा असो. आजही गेला. गोठ्याच्या पायरीकडे हात वर झाला आणि तिथंच राहिला. प्रशांत माझ्या हाताकडे बघत होता. व्यापारी पायरीकडे बघत होता. पायरीवर कुणी नव्हतं.

"मी," म्हटलं.

आक्का, तुला पायरीवरून उचललं तेव्हा तू गेली नव्हतीस. तुझ्या पेंढ्यावर तुला निजवून नेलं तेव्हाही नाही, तेराव्याला तर नाहीच, इतके दिवस मी तुझ्याशी भांडतच होते. मी त्या माणसाला "मी" म्हटलं, तेव्हा गेलीस.